कुठला गुडघा घालायचा?

गुडघेबदलाची शस्त्रक्रिया ठरली की पुढचा प्रश्न पेशंट फारसा विचारत नाही. सोबत आलेला मुलगा किंवा जावई विचारतो. "डॉक्टर, आईंना कुठला गुडघा घालणार? इम्पोर्टेड ना? आणि तो गोल्डन म्हणतात, तो कसा असतो?" प्रश्न रास्त आहे. शहरात शिरताना होर्डिंगवर सोनेरी गुडघा दिसतो, वर्तमानपत्राच्या पुरवणीत 'तीस वर्षं टिकणारा' असतो, व्हॉट्सॲपवर रोबोटने बसवलेला येतो. यांतला चांगला कोणता, हे ठरवण्यासाठी गेली पन्नास वर्षं जगभर अभ्यास चालू आहेत. ते चाळून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे हाती लागते. जुन्या, नीट पारखलेल्या डिझाइन्समध्ये आपसांत फरक इतका थोडा आहे, की तो पेशंटला चालताना कळत नाही. चांगलं डिझाइन आणि फसलेलं डिझाइन यांतला फरक मात्र मोठा असतो, आणि तो उमगायला पाच-दहा वर्षं जावी लागतात. जाहिरात होते ती पहिल्या फरकाची.

आधी वस्तू पाहू. गुडघा बदलतात म्हणजे अख्खा सांधा काढून दुसरा बसवतात, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात झिजलेली टोकं तासून त्यांवर दाताला बसवतात तशी कॅप बसवतात. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचं आणि नडगीच्या वरच्या टोकाचं साधारण नऊ-दहा मिलिमीटर हाड कापलं जातं. मांडीच्या हाडावर बहुतेकदा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चकचकीत कॅप येते. नडगीवर टायटॅनियमचा किंवा कोबाल्ट-क्रोमियमचा सपाट ट्रे येतो, त्याखाली हाडात रुतणारा आखूड दांडा असतो. दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची पांढरी चकती, जिला ऑपरेशन थिएटरमध्ये 'इन्सर्ट' किंवा नुसतं 'पॉली' म्हणतात. गुडघ्याच्या वाटीच्या मागे प्लास्टिकचं बटण बसवायचं की वाटी आहे तशी ठेवायची, हे सर्जनच्या मतावर. धातू हाडाला धरून ठेवायला बोन सिमेंट. कंपन्यांची नावं, मॉडेलं कितीही असोत, खेळ एवढ्याच भागांचा आहे.

हाड कापून झालं की खरं इम्प्लांट उघडण्याआधी ट्रायल बसवतात. चकतीची एक जाडी घालून सर्जन पाय सरळ करतो, वाकवतो, दोन्ही बाजूंनी ताण देऊन सांधा उघडतोय का ते बघतो. सैल वाटलं तर एक-दोन मिलिमीटर जाड मागतो, आवळलं तर पातळ. आतल्या बाजूचं लिगामेंट ताठर असेल तर ते जरा मोकळं करतो आणि पुन्हा तीच तपासणी. मग मांडी उचलून धरतो आणि पाय स्वतःच्या वजनाने कितपत दुमडतो ते पाहतो. वाटी मध्यावरून सरकतेय की बाहेर घसरतेय, हेही तेव्हाच कळतं. सगळं जुळलं की साइज मोठ्याने सांगितला जातो, खोकं उघडतं, सिमेंट कालवलं जातं. या अर्ध्या तासातल्या निवाड्याचा परिणाम पेशंटच्या पुढच्या आयुष्यावर खोक्यावरच्या नावापेक्षा जास्त होतो, हे माझं मत आधीच सांगून ठेवतो. पुढचा सगळा आढावा त्याच अंगाने वाचावा.

पहिले कृत्रिम गुडघे बिजागरीचे होते. १८९० च्या सुमाराला बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. ते टिकले नाहीत. १९५० च्या दशकात वॉल्डियस आणि शियर्स यांच्या बिजागऱ्या आल्या. बिजागरी एकाच अक्षावर फिरते. माणसाचा गुडघा वाकता वाकता थोडा घसरतो आणि थोडा पिळवटतोही. तो पीळ बिजागरीला जमत नाही. मग सगळा ताण हाडावर येतो आणि इम्प्लांट ढिलं पडतं. वळण मिळालं ते १९६८ मध्ये. इंग्लंडच्या राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या सांध्यासाठी धातू, पॉलिथिलीन आणि सिमेंट असा मेळ बसवला होता. तिथेच शिकायला आलेल्या फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या सर्जनने तोच मेळ गुडघ्यात आणला आणि वरचा-खालचा भाग एकमेकांपासून सुटा ठेवला.

आजच्या गुडघ्याचा खरा पूर्वज मात्र न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरीमधला. १९७४ मध्ये तिथे जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी 'टोटल कॉन्डिलर' गुडघा बसवायला सुरुवात केली. हे राणावत इंदूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. मराठी वाचकाला त्यांचं नाव आठवतं ते वेगळ्या कारणाने: पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला, तो त्यांनीच. गुडघा बदलता येतो, ही बातमी आपल्याकडे घरोघरी पोचली ती त्या दोन शस्त्रक्रियांमुळे. त्याआधी 'वयोमानाने गुडघे जातातच' म्हणत काठी घेण्याची रीत होती.

टोटल कॉन्डिलर टिकाऊ निघाला, पण जेमतेम नव्वद-शंभर अंशांत वाकायचा. तिथून पुढे डिझाइनवाल्यांचे रस्ते फुटले.

पहिला फाटा लिगामेंटचा. गुडघ्याच्या आत एकमेकांना छेदणारी दोन लिगामेंट्स असतात. पुढचं बहुतेक सगळ्या डिझाइन्समध्ये कापलं जातं. मागचं ठेवायचं की काढायचं, यावर सर्जनांच्या दोन पिढ्या भांडल्या. ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की गुडघा वाकताना मांडीचं हाड मागे सरकवण्याचं काम हे लिगामेंट करतं, शिवाय हाड कमी कापावं लागतं. काढणारे म्हणतात, संधिवाताने आकसलेलं लिगामेंट ठेवून फायदा काय, त्यापेक्षा तेच काम यंत्राकडे द्या. १९७८ च्या इन्सॉल-बर्स्टीन गुडघ्यात ते यंत्र आलं: चकतीच्या मधोमध प्लास्टिकचा खुंटा, आणि मांडीच्या कॅपमध्ये त्याला टेकणारा आडवा दांडा. यालाच पोस्टेरिअर स्टॅबिलाइज्ड, म्हणजे 'पीएस' म्हणतात. आपल्याकडे हाच जास्त घातला जातो, आणि त्याला कारण आहे. आपला पेशंट उशिरा येतो. पाय पुरते फेंगडे झालेले, गुडघा सरळ होत नाही, आतलं हाड खचलेलं. अशा गुडघ्यात मागचं लिगामेंट राखून तोल साधणं अवघड जातं.

मग जिंकलं कोण? २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात तोवरच्या सगळ्या तुलनात्मक चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा लिगामेंट काढलेले गुडघे सरासरी दोन-अडीच अंश जास्त वाकत होते, आणि एवढ्याने पेशंटच्या आयुष्यात काही बदलत नाही, असा निष्कर्ष निघाला. ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदलांच्या राष्ट्रीय नोंदवहीत पीएस गुडघे पुन्हा उघडावे लागण्याचं प्रमाण किंचित जास्त दिसतं. पण अवघड गुडघ्यांत पीएसच घातला जातो, हेही ध्यानात घ्यायला हवं. भांडण बरोबरीत सुटलं म्हणायला हरकत नाही.

दुसरा फाटा हलत्या चकतीचा. न्यू जर्सीचे सर्जन ब्युकेल आणि अभियंते पापास यांनी १९७७ मध्ये 'लो कॉन्टॅक्ट स्ट्रेस' म्हणजे एलसीएस गुडघा आणला. त्यात पॉलिथिलीनची चकती ट्रेवर घट्ट न बसता गोल फिरू शकते. कागदावर कल्पना फार देखणी होती. वरचा पृष्ठभाग कॅपशी अगदी जुळता ठेवला की दाब पसरतो, झीज कमी होते. आणि पीळ खालच्या बाजूने निघून जातो, म्हणून ढिलेपणाही येत नाही. तरुण पेशंटला मोबाइल बेअरिंगच घालावा, असं सर्जनांच्या परिषदांमधून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं.

ही कल्पना तपासली ती सोलच्या यंग-हू किम यांनी. त्यांची पद्धत मला फार आवडते. दोन्ही गुडघे बदलायचे असलेला पेशंट घ्यायचा. एका पायात एक डिझाइन, दुसऱ्या पायात दुसरं. माणूस तोच, वजन तेच, जिने तेच, सर्जनही तोच. २०१२ मध्ये त्यांनी ५१ वर्षांखालच्या १०८ पेशंट्सचा असा हिशेब मांडला, तोही सरासरी १६.८ वर्षांनंतरचा. स्थिर चकती आणि हलती चकती यांत टिकाऊपणाचा फरक नाही, दुखण्याचा नाही, वाकण्याचाही नाही. ब्रिटनच्या 'कॅट' या चाचणीत ३४ केंद्रांतल्या ११६ सर्जनांनी २३५२ पेशंट्स घेतले. हलती चकती, वाटीचं बटण आणि नडगीचा धातूचा ट्रे या तिन्ही गोष्टींचा फायदा होतो का, हे दहा वर्षं पाहिलं. हलत्या चकतीने काही साधलं नाही. वाटीच्या बटणाने झालाच तर थोडा फायदा.

त्यातली ट्रेची गोष्ट आपल्या कामाची आहे. नडगीवर धातूचा ट्रे न बसवता अख्खा भाग पॉलिथिलीनचाच करता येतो. याला 'ऑल-पॉली' म्हणतात. तो बराच स्वस्त पडतो, आणि सत्तरीच्या पुढच्या, फार वजन नसलेल्या पेशंटमध्ये धातूच्या ट्रेइतकाच चालतो, हे अनेक अभ्यासांत आलेलं आहे. तरी आपल्याकडे तो क्वचित दिसतो. सर्जनला एक अडचण खरी आहे: सिमेंट लागल्यावर नुसती चकती बदलून जाडी कमी-जास्त करता येत नाही. पण दुसरं कारण उघड आहे. जी वस्तू स्वस्त, तिचा प्रचार कोण करणार?

तिसरा फाटा खास आपल्यासारख्यांसाठी काढलेला. पायऱ्या चढायला-उतरायला नव्वद-शंभर अंश वाकलेला गुडघा पुरतो. उकिडवं बसायला १३०-१४० किंवा त्याहून जास्त लागतो. आशियातला पेशंट जमिनीवर बसतो, मांडी घालतो, नमाजाला आणि पूजेला वाकतो, भारतीय पद्धतीच्या संडासात जातो. ही गरज ओळखून कंपन्यांनी 'हाय-फ्लेक्स' गुडघे काढले. मांडीच्या हाडाचा मागचा भाग दोनएक मिलिमीटर जास्त कापायचा आणि तिथे धातूची गोलाई वाढवायची, म्हणजे खोल वाकतानाही कॅपची कड चकतीत रुतत नाही. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे ठीकच आहे. पण किम यांनी ५० पेशंट्सच्या एका पायात साधा आणि दुसऱ्यात हाय-फ्लेक्स घातला, तेव्हा वाकण्यात फरक निघाला जेमतेम तीन अंशांचा. शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकेल हे सगळ्यांत जास्त ठरतं ते आधी तो किती वाकत होता यावर. दहा वर्षं आखडलेला गुडघा, भोवतीचे स्नायू आटलेले. त्यात नवं इम्प्लांट घातल्याने मांडी घालता येईल, ही आशा कोणी विकत असेल तर ती फसवी आहे.

हाय-फ्लेक्सचा दुसरा भाग मात्र काळजीचा निघाला. २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्याच एका गटाने ७२ गुडघ्यांचा अहवाल दिला. 'नेक्सजेन एलपीएस-फ्लेक्स' या नावाजलेल्या मॉडेलचे ते गुडघे होते. सरासरी ३२ महिन्यांत त्यांतल्या ३८ टक्के गुडघ्यांची मांडीची कॅप हाडापासून सुटू लागलेली होती. उकिडवं बसणाऱ्या, गुडघे टेकणाऱ्या पेशंट्समध्ये हे जास्त दिसलं. इतर केंद्रांत इतकं वाईट प्रमाण आलं नाही, त्यामुळे दोष डिझाइनचा, सिमेंटिंगचा की हाडाच्या मऊपणाचा, यावर वाद चालू राहिला. तरी त्या अहवालाने एक बाब समोर आणली, जी आपल्या सर्जनांनी पेशंटला स्पष्ट सांगायला हवी: गुडघा खोल वाकू शकतो याचा अर्थ तो रोज खोल वाकवावा असा होत नाही. घरात कमोड बसवून घ्या, हा जुना सल्ला हाय-फ्लेक्सच्या जमान्यातही रद्द झालेला नाही.

बायकांसाठी वेगळा 'जेंडर नी' २००६ मध्ये अमेरिकेत मोठ्या गाजावाजाने आला. बायकांच्या मांडीचं हाड रुंदीला कमी असतं, हे निरीक्षण खरं. पण चाचण्यांत बायकांना त्याने काही जादा मिळालं नाही. त्यामागची खरी गरज साइजची होती. पाश्चात्त्य हाडांवर बेतलेली कॅप आपल्या बुटक्या, बारीक चणीच्या आजीबाईला बाजूने बाहेर येते, आणि बाहेर आलेली कड कातडीखालच्या मऊ भागाला घासून दुखते. आता बहुतेक कंपन्या लहान आणि अरुंद साइज देतात. माझ्या मते डिझाइनमधली गेल्या वीस वर्षांतली सगळ्यांत उपयोगाची सुधारणा हीच. पण तिची कोणी होर्डिंग लावत नाही.

आता तो सोनेरी गुडघा. सोन्याचा त्याच्याशी संबंध नाही. धातूवर टायटॅनियम नायट्राइड किंवा टायटॅनियम-नायोबियम नायट्राइडचा थर दिला की रंग सोनेरी येतो. थर कठीण असतो, आणि कोबाल्ट-क्रोमियममधला निकेल बाहेर झिरपण्यापासून तो काही अंशी अडवतो. ज्याला निकेलची खरोखरीची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी हा विचार योग्य आहे. तसाच काळा दिसणारा ऑक्सिनियम: झिर्कोनियमचा मिश्रधातू तापवून त्याच्या पृष्ठभागाचं सुमारे पाच मायक्रॉनपर्यंत सिरॅमिकमध्ये रूपांतर केलेलं असतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर तो पॉलिथिलीन कमी झिजवतो. पण ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याच मॉडेलचे ऑक्सिनियमवाले आणि साध्या कोबाल्ट-क्रोमियमवाले गुडघे बारा वर्षांपर्यंत शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा ऑक्सिनियममुळे पुन्हा शस्त्रक्रिया कमी लागल्या असं काही दिसलं नाही. 'तीस वर्षं टिकतो' हा दावा बहुतेकदा अशाच यंत्रावरच्या लाखो फेऱ्यांमधून काढलेला असतो. यंत्राला जंतुसंसर्ग होत नाही, ते पडत नाही, त्याचं वजन वाढत नाही.

झीज होते ती प्लास्टिकची, आणि गुडघ्याची खरी कथा तिथे आहे. पॉलिथिलीन निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरतात. १९९० च्या दशकापर्यंत हे हवेत व्हायचं. किरणांनी प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, तुटलेल्या टोकांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, आणि पॉलिथिलीन हळूहळू ठिसूळ होतं. कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेली चकती पेशंटच्या पायात जाण्याआधीच म्हातारी झालेली असायची. त्या काळात फसलेल्या कित्येक गुडघ्यांचा दोष डिझाइनवर आला; निम्मा तरी तो प्लास्टिकचा होता. पुढे ऑक्सिजनविरहित पॅकिंग आलं, रेणूंची वीण घट्ट केलेलं क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन आलं, ई-जीवनसत्त्व मिसळलेलंही आलं.

हा प्रश्न सुटला असं वाटत असतानाच २०२१-२२ मध्ये फ्लोरिडाच्या एक्झॅक्टेक कंपनीने आपले इन्सर्ट परत मागवले. व्हॅक्यूमच्या पिशवीत ऑक्सिजन अडवणारा जो एक थर असायला हवा होता, तो २००४ पासूनच्या बहुसंख्य पिशव्यांत नव्हताच. धातू उत्तम, आकार उत्तम, सर्जनने बसवलाही उत्तम. पण पिशवीतून हवा शिरली आणि चकत्या वेळेआधी झिजल्या. हजारो पेशंट्सचे दावे उभे राहिले आणि २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. गुडघ्यांची तुलना करणाऱ्या एकाही तक्त्यात पॅकिंगचा रकाना नव्हता.

आणखी दोन डिझाइन्स थोडक्यात. एमआरआयवर पाहिलं तर नैसर्गिक गुडघ्याचा आतला भाग वाकताना जवळजवळ एकाच जागी फिरतो आणि बाहेरचा मागे सरकतो. लंडनचे मायकेल फ्रीमन आणि प्रागच्या व्हेरा पिन्स्करोवा यांनी हे दाखवल्यावर 'मेडिअल पिव्हट' कल्पनेला बळ आलं: आतल्या बाजूला वाटीसारखी खोल बैठक, बाहेर सपाट. अमेरिकेतल्या जेम्स प्रिचेट यांनी दोन पायांत दोन वेगळी डिझाइन्स घातलेल्या पेशंट्सना 'कुठला पाय बरा वाटतो' असं सरळ विचारलं, तेव्हा मेडिअल पिव्हट आणि दोन्ही लिगामेंट्स राखणारा गुडघा यांना जास्त पसंती मिळाली. डिझाइन पेशंटला जाणवतं, असं सांगणाऱ्या मोजक्या पुराव्यांपैकी हा एक. त्यातला दोन्ही लिगामेंट्स राखणारा प्रकार बसवायला फारच अवघड, त्यामुळे तो बाजारात रुजला नाही. मेडिअल पिव्हट टिकून आहे, आणि मला यात तथ्य वाटतं.

दुसरं डिझाइन अर्ध्या गुडघ्याचं. झीज फक्त आतल्या कप्प्यात असेल तर तेवढाच भाग बदलता येतो. ऑक्सफर्डचे गुडफेलो आणि ओ'कॉनर यांनी १९७० च्या दशकात काढलेलं डिझाइन आजही चालतं. ब्रिटनच्या 'टॉपकॅट' चाचणीत ५२८ पेशंट्सना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं अर्धा किंवा पूर्ण गुडघा दिला. पाच वर्षांनी दोन्ही गट सारखेच समाधानी होते, आणि अर्धा स्वस्त पडला. पण नोंदवह्यांत अर्धा गुडघा पुन्हा उघडावा लागण्याचं प्रमाण पूर्ण गुडघ्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतं. दोन्ही खरं आहे. अर्धा दुखायला लागला तर त्याचा पूर्ण करणं सोपं असतं, म्हणून सर्जन लवकर हात घालतो. पूर्ण गुडघा दुखला तर 'थोडं थांबू' म्हणतो. उघडला की नाही, एवढंच मोजलं तर थांबून दुखत राहिलेला पेशंट यशस्वी ठरतो.

नोंदवह्यांचं हे वैगुण्य ध्यानात ठेवूनही त्यांच्याइतकं विश्वासाचं दुसरं साधन नाही. स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये, इंग्लंड-वेल्सने २००३ मध्ये. कुठल्या पेशंटला कुठल्या साइजचं, कुठल्या मॉडेलचं इम्प्लांट बसलं आणि ते कधी काढावं लागलं, हे सगळं तिथे जमा होतं. २०१९ मध्ये अशा नोंदींवरून लॅन्सेटमध्ये आलेला आकडा दिलासा देणारा आहे: पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनीही जागेवर होते. हे २५ वर्षांपूर्वी बसवलेले, म्हणजे आजच्या भाषेत 'जुन्या टेक्नॉलॉजीचे' गुडघे. त्यांच्यापुढे नव्या मॉडेलला काही सिद्ध करायचं असेल तर तितकीच वर्षं थांबावं लागेल.

दुसरा आकडा कमी सुखाचा. कॅनडातल्या ओंटारिओत १७०३ पेशंट्सना वर्षभराने विचारलं, तेव्हा १९ टक्के समाधानी नव्हते. त्यांचे गुडघे ढिले नव्हते, एक्स-रे चांगले होते. असमाधानाचं सगळ्यांत मोठं कारण होतं आधी धरलेल्या अपेक्षा पुऱ्या न होणं. हा पाचवा माणूस कमी करायलाच नवनवी डिझाइन्स येतात, रोबोट येतात, पाय सरळ रेषेत आणायचा की मूळच्या थोड्या बाकासह ठेवायचा याच्या नव्या पद्धती येतात. रोबोटने काप जास्त अचूक होतात, यात शंका नाही. पण किम यांनीच २०२० मध्ये रोबोट आणि हाताने केलेल्या शस्त्रक्रियांची सरासरी १३ वर्षांची तुलना छापली; टिकाऊपणात आणि गुणांत फरक आढळला नाही. तो रोबोट आजच्या पिढीचा नव्हता, हे खरं. आजच्याचा तितका जुना हिशेब यायचा आहे, हेही खरं.

आपल्याकडे या बाजाराला एक मोठा धक्का बसला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा, ज्याची सरासरी छापील किंमत १ लाख ५८ हजारांच्या घरात होती, तो ५४,७२० रुपयांवर आला. टायटॅनियम आणि ऑक्सिनियमवाला अडीच लाखांवरून ७६,६०० वर. हाय-फ्लेक्सला ५६,४९०, म्हणजे साध्यापेक्षा जेमतेम पावणेदोन हजार जास्त. एका आदेशाने किमती जवळजवळ दोन-तृतीयांशाने खाली येऊ शकल्या, यावरून आधीच्या फरकात धातू किती होता आणि मार्जिन किती, याचा अंदाज येतो. इम्प्लांटवरची कमाई आटल्यावर पॅकेजमधल्या दुसऱ्या ओळी फुगतात आणि भर 'टेक्नॉलॉजी'वर जातो, हेही ओघाने आलं.

मग पेशंटने विचारावं काय? कुठला गुडघा सर्वांत नवा, हे नक्कीच नाही. हे मॉडेल किती वर्षांपासून वापरात आहे आणि परदेशी नोंदवह्यांत दहा वर्षांनी त्यातले किती उघडावे लागले, हे विचारावं. ब्रिटनमध्ये 'ओडेप' नावाची समिती इम्प्लांट्सना पुराव्याच्या वर्षांनुसार श्रेणी देते. सर्जनला ती ठाऊक असते. तुम्ही स्वतः हाच गुडघा वर्षाला किती बसवता, हेही विचारावं. रोज हाताळलेला साधा गुडघा बसवणारा सर्जन मला महिन्यातून एकदा नवं मॉडेल उघडणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

भारतीय मॉडेल्सच्या बाबतीत हे प्रश्न अडतात. देशी कंपन्या आपल्या हाडांच्या मापांचे, स्वस्त आणि दिसायला उत्तम गुडघे बनवतात. ते चांगले असण्याची पूर्ण शक्यता आहे. पण सिद्ध करायला नोंदवही लागते. सांधेबदल सर्जनांच्या राष्ट्रीय संघटनेची नोंदवही आहे, ती ऐच्छिक आहे. ज्याला वाटेल तो माहिती भरतो. याची किंमत आपण खुब्याच्या बाबतीत मोजली आहे. डेप्यू कंपनीचा एएसआर हा धातू-धातूचा खुबा ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत लवकर उघडा पडला आणि २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये वापरला गेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार नोंदवली, केंद्राने समिती नेमली, भरपाईचं सूत्र ठरलं; पण बऱ्याच पेशंट्सचा ठावठिकाणाच लागला नाही. कुणाच्या शरीरात काय आहे, याची यादी कुणाकडेच पूर्ण नव्हती.

प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात. मॉडेल, साइज आणि लॉट नंबर त्यांवर छापलेला असतो. शस्त्रक्रिया संपताना सिस्टर ते काढून केस पेपरला चिकटवते. २०१७ च्या आदेशाप्रमाणे रुग्णालयाने बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी, ब्रँड आणि बॅच नंबर वेगळा दाखवायचा असतो. डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर त्या स्टिकरच्या पानाची झेरॉक्सही मागून घ्यावी. पिशवीत थर नव्हता असं उद्या कोणी जाहीर केलं, तर तो लॉट आपलाच आहे का, ते त्या कागदावरूनच कळेल.